दगडाचं मत

त्या शिल्पाबद्दल पुढं वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात दगडाचं मत होतं, काचेचं होतं, शिल्पकाराचं तर होतंच. ज्यानं दगड घडवला त्याचं नव्हतं. हा राग मी अजून सोडलेला नाही. आणि तो सगळाच्या सगळा शिल्पकारावर काढता येत नाही, हे त्याहून वाईट.

सत्तरच्या दशकात सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला माझं दगडाचं आवार होतं. खाणीत पाट्या वाहून मी तिथवर आलो होतो. जाती, पाटे, उंबरे विकायचो. भावात मला कुणी हरवत नसे. मुंबईला शिकून आलेल्या त्या शिल्पकाराला काळ्या दगडाची पुरुषभर उंच शिळा हवी होती, मधोमध उभी खाच आणि खाचेत जाड काच. म्हणाला, "दगड आणि काच आपलं आपण ठरवतील. मी फक्त बघणार."

"मग पैसे कोण देणार, दगड?"

तो हसला. मी हसलो नाही. घासाघीस चढत गेली, तो उठून निघाला, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "अशी खाच काढून देतो की काचेशेजारी केससुद्धा शिरणार नाही." तो परत बसला.

खाच काढणारा पाथरवट मंद्रूपचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी त्यांना मामा म्हणायचो. दगडावर हातोडीनं हलकेच ठोकून, कान लावून, आत कुठं चीर आहे ते मामा सांगायचे. काच आली तेव्हा त्यांनी तीही बोटानं वाजवली. "चांगली हाय," म्हणाले. मग ती दिवसभर उन्हात ठेवली, हात लावून बघितली.

"मालक, दोनी बाजूंनी सुताएवढी जागा सोडतो. ही उन्हात फुगतीया, अन् ह्यो दगूड काय सरकून बसायचा न्हाय."

"केससुद्धा शिरणार नाही असं सांगितलंय मी."

"तुमी सांगितलंय. काचंनं ऐकलंय व्हय?"

"अक्कल शिकवू नका, मामा. जमत नसेल तर दुसरा बघतो."

दुसरा कुणी नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी खाच घट्ट काढली. इतकं सुबक काम मी पुन्हा पाहिलं नाही.

एप्रिलात भर दुपारी, शिल्प बघायला बोलावलेली माणसं आवारात उभी असताना, सुरुंग उडावा तसा आवाज झाला. काच वरपासून खालपर्यंत तडकली. शिल्पकार उकिडवा बसून तडा निरखत राहिला आणि खूश होऊन म्हणाला, "बघा, दगडानं मत दिलं. आता ह्याला कुणी हात लावायचा नाही."

"अन् म्या दिल्यालं?" मामा हळूच म्हणाले. मला ऐकू आलं.

मामांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, एवढं चार माणसांत बोलायचं होतं. त्याऐवजी मी शिल्पकारावर ओरडलो. "काचच हलकी आणलीत तुम्ही. वाजवली तेव्हाच कळलं होतं आम्हाला!"

दुसऱ्या दिवसापासून मामा आले नाहीत. पंधरा दिवसांनी मी मंद्रूपला गेलो. ते अंगणात एका अर्धवट पाट्यासमोर बसले होते.

"फट ठेवायला हवी होती, मामा. चूक माझी. चला आता, कामं पडलीत."

त्यांनी पाट्यावर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. "समदं सारकंच वाजतंय," म्हणाले. "ती काच मला चांगली वाजली हुती. तुमी हलकी म्हनला. तुमाला तर माल कळतो की. तवापासनं कानाचा भरवसाच वाटंना."

"खोटं बोललो मी. रागात. काच चांगलीच होती."

"मालक, ते खोटं हुतं, का हे खोटं हाय? काम तर तुमचं अडलंय."

मी आईची शपथ घेतली. त्यांनी मान हलवली, भाव न पटलेलं गिऱ्हाईक उठताना हलवतं तशी, आणि हातोडी भिंतीकडं सरकवून ठेवली. त्यांनी ती पुन्हा उचलली नाही.