वैशाखातली दिवाळी

आमच्या घरी दिवाळी मे महिन्यात व्हायची. लग्नानंतर सासरी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आमच्या कुळात काही वेगळी चाल असेल. चाल वगैरे काही नव्हती. माझे वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, एवढंच कारण.

दसरा झाला की बाबांची पेटी भरली जायची, ती अक्षय तृतीयेनंतरच रिकामी व्हायची. कधी आर्णी, कधी पुसद, कधी बोरी अरब. सगळी गावं जिल्ह्यातलीच, यवतमाळहून एसटीनं जाता येण्यासारखी. पण महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या रविवारी ते धुण्याचे कपडे घेऊन यायचे आणि जेवून दुपारच्या गाडीनं धुतलेले घेऊन परत जायचे. दिवाळीत केंद्राला दोन-तीन दिवस सुटी असे, तेव्हा तर मुळीच यायचे नाहीत. आवारात कापसाच्या गंज्या उघड्यावर पडलेल्या आणि गावभर फटाके. ठिणगी पडली तर सगळंच जायचं. म्हणून एका जबाबदार माणसानं थांबावं लागे. तो जबाबदार माणूस दरवर्षी आमचाच बाप कसा, हा प्रश्न आम्हाला लहानपणी पडला नाही. उलट अभिमान वाटायचा.

मोहल्ल्यात सगळे त्यांना ग्रेडरसाहेब म्हणत. आईसुद्धा चिडली की म्हणायची. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी उजेडात पाहायची आणि गाडीवाल्याला प्रत सांगायची, हे त्यांचं काम. ते काम घरी आल्यावर सुटत नसे. भाजी, रांगोळी, माझं अक्षर, शेजारच्यांचा जावई, प्रत्येकाला प्रत मिळायची. सगळ्यात खालची प्रत म्हणजे फरदड. हंगामाच्या शेवटी वेचलेला, आखूड धाग्याचा, पिवळट पडलेला कापूस तो फरदड. माझ्या भावाचं गणित कायम फरदडात असे.

अक्षय तृतीया होऊन गेली की बाबा महिनाभराच्या रजेवर यायचे आणि आई दिवाळीला लागायची. यवतमाळचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लाडवांतलं तूप पाघळून डब्याच्या तळाशी जायचं. मेणबत्त्या पेटवण्याआधीच वाकायच्या. आकाशकंदील कूलरच्या वाऱ्यावर गरगरा फिरायचा. नळ आठवड्यातून एकदा, त्यामुळे अभ्यंगस्नान अर्ध्या बादलीत, आणि तेच पाणी नंतर तुळशीला. आश्विनात घेऊन ट्रंकेत ठेवलेले फटाके आम्ही भर उन्हाळ्यात फोडायचो, तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "कोणाची वरात आहे वं?" आई सांगायची, "आमच्या ग्रेडरसाहेबांची."

पहिली चकली बाबांना द्यायची. ते ती उजेडाकडे धरत, मोडत, आतला भाग निरखत आणि म्हणत, "फरदड." आई म्हणायची, "मग बाजारातून आना." ते डबाभर खायचे. मला वाटतं, दोघांचं प्रेमाचं बोलणं म्हणतात ते एवढंच असावं.

घरापासून दूर राहण्याबद्दल बाबांची काही ठाम मतं होती. "बाप कॅलेंडरसारखा पाहिजे," ते म्हणत. "भिंतीवर दिसला म्हणजे झालं, रोज वाचाची गरज नाही." आई म्हणायची, कॅलेंडर निदान दर महिन्याला पान तरी उलटते. दुसरं मत असं की फिरतीच्या माणसाच्या घरात भांडणं कमी होतात. हे खरं होतं. त्यांच्या वाटची भांडणं आई आमच्याशी करायची.

मग कापसाचे वाईट दिवस आले. एके वर्षी सरकारी भाव व्यापाऱ्याच्याही खाली गेला आणि केंद्रावर गाड्या येईनात. ज्या फाटकाबाहेर दोन-दोन दिवस रांग लागायची तिथं बाबा खुर्ची टाकून बसत आणि एखादी बैलगाडी दिसली तर उठून उभे राहत. ती गाडी सरळ पुढे निघून जायची. दिवाळीच्या आठ दिवस आधी केंद्र बंद झालं आणि ते पेटी घेऊन घरी आले. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. त्यातली काही नावं त्यांच्या ओळखीची असायची, ज्यांच्या गाडीला त्यांनी कधीतरी खालची प्रत दिलेली. तेव्हापासून घरातली प्रतवारी थांबली. आईनं मुद्दाम करपलेली चकली पुढे केली, तर म्हणाले, "चांगली आहे."

अशा रीतीनं आम्हाला पहिल्यांदा बाप असलेली दिवाळी वेळेवर मिळाली. माझ्या आठवणीतली ती सगळ्यात वाईट दिवाळी. बाबांनी अंगणात वाळूची बादली ठेवली, शेजारी पाण्याची टाकी ठेवली आणि स्टुलावर राखण करत बसले. रॉकेटला बंदी. गल्लीतल्या पोरांनाही बंदी. आमच्याकडे राखायला कापूस म्हणजे चार गाद्या होत्या.

पाडव्याला आर्णीहून शेषरावकाका भेटायला आले. ते केंद्रावर काट्यावर वजन करायचे. मी बारावीत होते, फराळाची ताटली मीच नेली. काका म्हणाले, "साहेब, तुमचे उपकार आहेत. बारा वर्षं तुम्ही आमच्या पाळ्या केल्या. तुमच्यामुळं पोरांसंग दिवाळी पाहिली."

"पाळ्या?" मी विचारलं.

"हो नं. दिवाळीत थांबाची पाळी राहे सगळ्याइची, आलटून पालटून. साहेब आपल्या मनानं थांबत. आमाले म्हनत, जा रे घरी."

बाबा वाळूच्या बादलीकडे पाहत होते. काका चिवडा संपवून गेले आणि मी ताटली उचलता उचलता बापाची उलटतपासणी घेतली.

"बारा वर्षं तुम्ही आपल्या मनानं थांबत होते?"

"त्याइचे पोरं लहान होते."

"अन् आम्ही मोठे होतो का?"

"तुमची दिवाळी मले वैशाखात नेता येत होती. तुझी माय तेव्हाही चकल्या तळते. त्याइच्या बायका नसत्या तळल्या."

आतून आई म्हणाली, "मले इचारलं होतं का कोनी?"

मी हटले नाही. मला एकच गोष्ट हवी होती. या माणसाला घरी यायचं होतं की नव्हतं, एवढं कळायला हवं होतं. तेच विचारलं. बाबांनी बादलीतली वाळू हातानं सारखी केली.

"एका दिवाळीले आलतो," ते म्हणाले. "दोन दिवसांसाठी. तू तीन वर्षांची होती. मी उंबऱ्यात उभा, अन् तू मायले सांगतलं, काका आले. मग पाया पडली. लाडू आनून देल्ला. अशी चांगली वागली का काय सांगू." ते हसले. "दोन दिवसांचा बाप पाहुना होते. मी म्हटलं, आता येईन तं असा येईन का पोट्टी माझ्यासंग भांडली पाहिजे. त्याले महिना लागते."

मी ताटली धुवायला नेली. भांडायला मला महिना कधीच लागला नव्हता, पण ते त्यांना आधी माहीत नसणार.

पुढे त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आमची दिवाळी सगळ्यांसारखी आश्विनात होऊ लागली. लाडू घट्ट, मेणबत्त्या सरळ. वाळूची बादली मात्र दरवर्षी अंगणात असायची. मी आरोग्य खात्यात पर्यवेक्षिका झाले. महिन्यातले पंधरा दिवस माझी बॅग भरलेली असते. फिरतीवरून आले आणि मुलगी चार दिवस शहाण्यासारखी वागली की मला धडकी भरते. पाचव्या दिवशी तिनं दार आपटलं की मी निवांत जेवते.

बाबा श्रावणात गेले. फार आजारी नव्हते, फार वेळ लावला नाही. त्या वर्षी घरात सण नव्हता. आश्विनात आईनं पणतीसुद्धा लावली नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत काही करायचं नसतं, हे सांगायला आत्या मुक्कामाला आलीच होती, पण आईला ते सांगावं लागलं नाही.

मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा आत्या पुन्हा आलेली होती आणि स्वयंपाकघरात उभी होती. अक्षय तृतीया होऊन गेलेली. आई कढईपुढे बसून सोऱ्यातून चकल्या पाडत होती.

"वहिनी," आत्या म्हणाली, "वर्ष नाही झालं अजून. कायले सण करून राह्यली?"

"कोनता सण?" आई म्हणाली. "कॅलेंडर पाहून सांग मले."

आत्या खरंच भिंतीजवळ गेली. चष्मा लावून मेचं पान वरून खालपर्यंत वाचलं. मग येऊन पाट घेतला आणि पीठ मळायला बसली.

पहिली चकली निथळली तेव्हा आईनं ती खिडकीकडे नेली, उजेडात धरली, मोडली, आतला भाग निरखला.

"फरदड," ती म्हणाली, आणि दोन्ही तुकडे नेऊन बाबांच्या फोटोपुढे ठेवले.