समुद्राला पाठ

लेकीला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि दुसऱ्याच वर्षी तिने आम्हा तिघांना, म्हणजे मला, तिच्या वडिलांना आणि माझ्या सासऱ्यांना, आबांना, आठ दिवस ग्रीसच्या एका बेटावर न्यायचं ठरवलं. फोनवर म्हणाली, "लहानसं गाव आहे, उथळ पाणी आहे, सगळी कुटुंबवाली माणसं येतात." आबांनी त्यातलं 'कुटुंबवाली' तेवढं ऐकलं आणि पारोळ्याहून बॅग भरून आमच्याकडे धुळ्याला हजर झाले.

मीही बॅग भरली. खाली मेथीचे लाडू, त्यावर शेव, ठेचा, कळण्याचं पीठ. आणि सगळ्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पूर्ण बाह्यांचा नि घोट्यापर्यंतचा पोहायचा ड्रेस. तो मी ऑनलाइन मागवला होता आणि दुपारी दार लावून दोनदा घालून पाहिला होता. माझ्या माहेरी नदीला पाणी चार महिने. विहिरीत पोरगे उड्या मारायचे, आम्ही काठावर धुणं धुवायचो. अठ्ठेचाळीस वर्षांत मी बादलीपेक्षा मोठ्या पाण्यात उतरले नव्हते. समुद्र बघायला मिळणार याचा मला आनंद नव्हता. मला त्यात गळ्यापर्यंत बसायचं होतं.

अडचण एकच होती, आबा. माणूस देवासारखा, पण घरची रीत रीतच. मी शाळेत पंजाबी ड्रेस घालून शिकवते, स्कूटर चालवते, हेडमास्तरांशी भांडते. आबा धुळ्याला आले की साडी आणि कपाळापर्यंत पदर. त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं तर "आबांना म्हणावं, जेवण झालंय" असं भिंतीला सांगायचं. आबाही रीत पाळतात. सुनेच्या समोर यायचं तर आधी खाकरतात, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळतो. गावाकडे नदीच्या वळणावरही बाप्ये असेच खाकरत जायचे, पलीकडे बायका आंघोळ करत असतील म्हणून.

तर पहिल्या सकाळी आबा धोतर, सदरा, टोपी अशा थाटात किनाऱ्याच्या पायऱ्यांवर आले. समोर वाळूवर निम्मं गाव आणि सगळे पाहुणे, जवळजवळ उघडेच. आबा खाकरले. कोणी हललं नाही. आबा जोरात खाकरले. त्यांच्याच वयाच्या एका आजींनी पाण्यातून हात हलवला. आबांनी मान खाली घातली, निळी खुर्ची उचलली आणि समुद्राला पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसले.

सहा दिवस ते डोंगरच बघत होते. दुसऱ्या संध्याकाळी लेकीने विचारलं, "कसं वाटलं आबा?" तर म्हणाले, "डोंगर चांगला शे. पन बकऱ्यासना धनी आळशी शे. दोन दिन व्हयनात, लंगडी बकरी तठेच शे." एवढी विमानं बदलून आम्ही आबांना शेळ्या दाखवायला आणलं होतं.

त्यातून खानावळीकडे जायचं तर वाळूवरूनच वाट. आबा जाताना खाकरत, येताना खाकरत. तिसऱ्या दिवशी खानावळीच्या बाईंनी त्यांच्यासमोर कसल्याशा डोंगरी पाल्याचा चहा आणि मध ठेवला. चौथ्या दिवशी शेजारणीने छातीला चोळायचं तेल आणलं. पाचव्या दिवशी औषधांच्या दुकानातली मुलगी खोकल्याची बाटली घेऊन आली. आणलेलं परत कसं करायचं म्हणून आबांनी सगळं घेतलं. शेवटी लेकीने बाईंना इंग्रजीत समजावलं, की आजोबा आजारी नाहीत, ते येतायत हे माझ्या आईला कळावं म्हणून खाकरतात, म्हणजे ती डोकं झाकून घेईल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पण ती तर झाकूनच बसलीये," त्या म्हणाल्या.

नवरा पहिल्या तासाला पाण्यात गेला तो जेवायलाच बाहेर यायचा. विहिरीत शिकलेलं पोहणं, पाठीवर पडून तरंगायचा. मला म्हणाला, "आबांची पाठच तर आहे, जा की." पाठ आहे म्हणे. सासऱ्याच्या पाठीलाही डोळे असतात हे सुनेला कळतं, मुलाला कळायचं कारण नाही. आणि ओलेत्याने परत त्यांच्यासमोरूनच खोलीवर जायचं होतं. मी रोज निऱ्या उचलून घोटाभर पाण्यात उभी राहायची, पदर दातात धरून. मला राग यायचा. आबांचा नाही, स्वतःचाच.

सातवा दिवस शेवटचा पूर्ण दिवस होता. सकाळी मी तो ड्रेस घातला, वरून ओढणी कपाळापर्यंत घेतली आणि आबांच्या खुर्चीपुढे, डोंगर अडवून उभी राहिले. मध्ये ना नवरा होता, ना भिंत. म्हटलं, "आबा, मला पाण्यात जायचंय."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांच्याशी थेट बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. आबा माझ्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुले पव्हता येस का?"

"नाही."

ते उठले, खुर्ची उचलली आणि समुद्राकडे तोंड करून ठेवली. मी घाबरून म्हटलं, "आबा, तुम्ही तिकडेच बघा ना."

"तिकडे देखीसन काय करू? तू बुडी गयी ते त्या बकऱ्या सांगतीन का माले?"

मी गेले. गुडघाभर, मग कमरेएवढं. एक लाट आली आणि मी सपशेल आडवी झाले. नाकातोंडात खारं पाणी, ओढणी कुठल्या कुठे. उठून उभी राहिले तेव्हा अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते आणि मला इतकं हसू फुटलं होतं की थांबेना. मग गळ्यापर्यंत बसले. खूप वेळ बसले.

वळून पाहिलं तर आबा खुर्चीत नव्हते. धोतर वर धरून घोटाभर पाण्यात उभे होते, माझ्याकडे टक लावून. मी सवयीने डोक्यावर हात नेला, तिथे काही नव्हतं.

"पोरी," आबा म्हणाले, "तुना बी केस पिकी गयात का?"

"हो आबा," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."