शहादेवाचं घट्ट पाणी

आष्टीकडच्या खडकाळ माळावरचा शहादेव दहावी नापास, पण मोटारीच्या कामात हात लई चालायचा. दरसाल तो बायको मनिषासंगं ऊसतोडीला जायचा. एका साली तिच्या पोटातलं पोर फडातच गेलं, कंबर कायमची धरली. तेव्हा त्यानं कोयता आढ्याला खोचला न् गुजरातेत तेलाच्या विहिरींवर कामाला लागला. "आपल्या विहिरीला पाणी वाढवतो. तुला परत फडात न्हाई नेणार," असा शब्द देऊन गेलता.

तिथं त्याचं काम एकच. पांढरी पावडर पाण्यात कालवायची. पाणी भेंडीच्या चिकासारखी तार धरायचं. ते एका बोअरमधून खडकात सोडलं की बारीक भोकांत अडकलेलं तेल रेटत न्यायचं आणि ते दुसऱ्या बोअरमधून वर यायचं. साधं पाणी तेलाला वळसा घालून निसटतं, घट्ट पाणी निसटत नाही. शहादेवाला हे भलतंच पटलं, आणि तिथंच घात झाला!

चैतात गडी पावडरीचं पोतं घेऊन गावी आला. विहिरीला लागून त्याचा कोरडा बोअर होता. त्यातून घट्ट पाणी दाबलं की खडकात दडलेलं पाणी विहिरीत उतरणारच, असं त्यानं मनाशी धरलं.

थोरला भाऊ बबनराव म्हणाला, "आरं, वस्तीला प्यायपुरतं हाय ना? कावून नाद करतो?"

पण ऐकेल तो शहादेव कसला! तिकडचे साहेब सांगायचे, हे पाणी दमानं सोडा; अरुंद वाटेत जोरानं रेटलं तर ताठरतं, वाट अडवून बसतं. त्याला आठवत होतं सगळं. पण पाणी खाली जाईना, तशी त्यानं मोठी मोटार लावली.

दुपारी विहीर हातभर चढली. मनिषानं पाण्याला हळदकुंकू वाहिलं. शहादेव कठड्यावर बसून ढसाढसा रडला.

ते पाणी उपसलं, अन् पुन्हा काही भरेना. तो खाली उतरला, झऱ्यात बोट घातलं, तर बुळबुळीत तार हाताला आली. पहारीनं खरवडलं, पण खडकाच्या पोटात कुठवर खरवडणार? बाया घागरी घेऊन लांबच्या वस्तीला जाऊ लागल्या. कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं!

पावसाळ्यातही झरे सुटले नाहीत. दसरा झाला न् मुकादमाचा ट्रक आला. मनिषानं स्वतःच आढ्याचा कोयता काढला.

"तू राहा. मी एकटा जातो," शहादेव म्हणाला.

"एकट्याला कोण घेतंय? जोडी लागती," ती म्हणाली. "आन् हितं राहून पिऊ काय?"

कंबरेला हात लावून ती ट्रकात चढली.