रस्त्याकडेची चुन्याची रेघ

जबलपूरला आमच्या क्वार्टर्सपासून डिफेन्सच्या फॅक्टरीच्या गेटापर्यंत जाणारा रस्ता अरुंद होता. डांबर संपलं की खड्डेच, म्हणून पायी जाणारेही डांबरावरूनच चालायचे. लढाई लागली तसे ट्रक वाढले. ब्लॅकआउटमुळं रस्त्याचे दिवे बंद, ट्रकच्या हेडलाइटवर अर्धा काळा रंग. हिवाळ्यात पाळी सुटायची तीच अंधारात.

शेजारच्या काकू या रस्त्याच्या मागं लागल्या. यजमान फॅक्टरीत फिटर, माहेर जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यातलं. तिथल्या गल्ल्यांत वाढलेल्या बाईला गाडीनं माणसासाठी थांबावं यात काही विशेष वाटत नसे. दुपारी बायका गोळा करून त्या इस्टेट ऑफिसात जायच्या. खड्डे बुजवा, पायी चालणाऱ्यांना वेगळी पट्टी द्या. साहेब म्हणायचा, "माताजी, अभी लड़ाई चल रही है."

मी तेव्हा स्टोअरमध्ये कारकून, लग्न व्हायचं होतं, आणि आमच्या ओळीचा ब्लॅकआउट वॉर्डन. दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी मला चढली होती. एकदा बिनदिव्याची सायकल दामटत येत होतो, तर काकूंनी भर रस्त्यात हँडल धरलं. "काहून रे, रस्ता काय तुझ्या बापानं बांधला? उतर. चालत जा." नळावरच्या पोरी हसल्या. त्यातली एक हसायला नको होती.

साहेब दाद देईना तेव्हा काकूंनी घराला लावून उरलेला चुना बाहेर काढला. विचारायला माझ्याकडंच आल्या. "खड्डे आम्हीच भरून घेतो. कडेनं रेघ ओढली तर चालेल ना? माणसं आतून, ट्रक बाहेरून."

"ओढा ना काकू," मी म्हणालो. वॉर्डनच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. ब्लॅकआउटमध्ये झाडांचे बुंधे, रस्त्याची कड चुन्यानं पांढरी करा. चालणाऱ्याला दिसते, वरच्या विमानाला त्याचा काही उपयोग नाही. हे आमच्या ओळीत फक्त मला माहीत होतं.

बायकांनी शेगड्यांची राख आणि मुरूम टाकून खड्डे भरले. मग रांगोळीचे हात ते, वाकून वाकून गेटापर्यंत सरळ रेघ. संध्याकाळी पाळी सुटली आणि माणसं रेघेच्या आतून निवांत चालत आली. काकू कोपऱ्यावर उभ्या राहून ओरडत होत्या, "आतून चला, आतून!" ट्रक खरंच बाहेरून गेले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "ये लाइन किसने खींची भैया?"

"काकी ने," मी म्हणालो. "पायलट बेचारा गेट ढूँढता फिरता था. अब सीधा उतरेगा."

काय हसले सगळे! पण घरोघर पोचेपर्यंत त्यातलं हसू गळून गेलं होतं. नळावर काकूंची बादली मागं सारली गेली. खड्डे भरणाऱ्या बायकाच म्हणू लागल्या, आम्हाला काय माहीत, ती म्हणाली म्हणून केलं. कुणीतरी त्यांच्या दारावर कोळशानं 'जासूस' लिहिलं. डिफेन्सची नोकरी, नुसता संशयही पुरायचा. यजमान घाबरून माझ्याकडं आले. "तू वॉर्डन आहेस बाबा. तू सांग, यात काही चुकलं काय?"

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सध्या वातावरण असं आहे. पुसलेली बरी."

त्यांनी घरी जाऊन काकूंना पुसायला लावली. काकूंनी एकटीनं पुसली, झाडू आणि बादली घेऊन. लोक दारादारांत उभे होते. मी बॅटरी घेऊन शेजारून चालत होतो. "तिकडं राहिली थोडी, काकू." लोक पुन्हा हसले. त्या मागं आल्या आणि तेवढी घासली.

लढाई संपायच्या आतच पाळीवरून येताना यजमानांना ट्रकनं उडवलं. ते डांबरावरून चालत होते. पाय मांडीपासून कापला.

मग सगळ्यांना रस्ता आठवला. मोर्चा निघाला, मी सगळ्यांत पुढं. साहेबानं विटांची कड लावून फूटपाथ करून दिला. हार माझ्या गळ्यात पडला. तो मी घालूही दिला.

यजमानांच्या जागी मुलगा लागला, म्हणून ते कुटुंब अजून त्याच क्वार्टरमध्ये आहे. मागच्या महिन्यात गेलो. यजमान आत झोपले होते. टपरीवरचा विनोद, ट्रेनिंग, सगळं काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

"बॅटरी मारून राहिला होतास ना, तेव्हाच समजलं मला."

"काकांनाही सांगतो."

"काहून? त्यांना वाटते, आपणच पुसायला लावली. इतकी वर्षं माझ्यासमोर आवाज नाही काढला त्यांनी. आता तू त्यांना मोकळं करशील, अन् मी? हा राग कोणावर काढू, तुझ्यावर? तू तर चहा पिऊन घरी जाशील."

तेवढ्यात यजमान कुबड्या टेकत बाहेर आले. मला पाहून खुलले. "अच्छा, तू! अगं, याच्यामुळं तर फूटपाथ झाला आपला."

"हो," काकू माझ्याकडं बघत म्हणाल्या. "यानंच केला."

मी चहा प्यायलो. निघालो तर ते हट्टानं कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. त्यांच्या बाजूनं, हळू, मी डांबरावरून चालत होतो. त्यांनी कुबडी उचलून मला विटांच्या कडेकडं ढकललं.

"आतून चल रे," म्हणाले, "आतून."