आत्याबाईंच्या तोंडचा शब्द

“असेल बाई, माझंच चुकलं असेल,” असं शालिनीकाकूंनी लिहिलेलं मोबाइलवर वाचलं आणि घास हातातच राहिला. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं.

माझी आठवीत शाळा सुटली, आता तमिळनाडूत तिरुपूरला कारखान्यात शिवणकाम करते. इथे मराठी कानावर पडत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत एका संपलेल्या मालिकेची गोष्ट मी मोबाइलवर पुढे लिहीत असते. माणसं मालिकेतली, पुढचं माझ्या मनचं. कधी न भेटलेल्या बायका ते वाचतात, याचंच मला अप्रूप. काकू त्यांतल्याच एक.

मागच्या एका भागात मालिकेतल्या आत्याबाई सुनेला ‘वांझोटी’ म्हणतात, असं मी लिहिलं होतं. काकूंनी खाली लिहिलं, “बाळा, आत्याबाई कडक आहेत, पण सुनेला वांझोटी नाही म्हणायच्या.” मला पटलं. मी गुपचूप तो शब्द काढला. मग नंतर वाचणाऱ्या एकीने काकूंना टोमणा मारला, “काकू, चष्मा बदला. कुठे म्हणाल्या आत्याबाई असं?” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि त्याखाली काकूंचं ते ‘माझंच चुकलं असेल’.

कापडावरची शिवण उसवली तरी सुईची भोकं दिसतात. मोबाइलवर पुसलेल्याची खूणही राहत नाही. ज्याने ते खरोखर वाचलं, तोच खोटा ठरतो.

मी तो शब्द परत जागेवर ठेवला. खाली लिहिलं, काकूंनी हाच वाचला होता, काढला मी होता. आता बोलणी मला बसतात, ते बरंच आहे. काकू मात्र तेव्हापासून काही लिहीत नाहीत.