येरमाळा ओलांडल्यावर

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे तीन वाजलेत. स्थळ कळंब, निवृत्त शिक्षक विष्णुपंतांच्या घराची पुढची खोली. डाव्या अंगाला खिडकी, तिच्यातून बाजारात धान्याची पोती उतरवणाऱ्यांचा गलका येतोय. मधोमध टेबल, त्यावर उघडा लॅपटॉप. त्याच्यापुढं खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली विष्णुपंतांची मुलगी देवश्री. वय एकतीस. पेशानं वैमानिक. गेले बारा दिवस जमिनीवर.

हिला मी परकरात पाहिलेली. आमची नाटक कंपनी मोडली, मी कळंबातच राहिले आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची नाटकं बसवू लागले. आमच्या कंपनीत निम्म्या नटांना वाचता येत नसे. मालक वाचून दाखवायचे, आम्ही कानानं उचलायचो आणि त्याचा आम्हाला केवढा तोरा! तीच रीत मी पोरांना लावली. देवश्री एकदा ऐकलेलं वाक्य दुसऱ्यांदा विचारत नसे. तिच्या हातात मी नाटकाची वही कधी दिलीच नाही.

घरची रीत तर त्याहून कडक. आलेलं पत्र विष्णुपंत मोठ्यानं वाचत आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवत. एकदा हिनं ते पुन्हा वाचायला मागितलं. "मी वाचलेलं पुरलं नाही का तुला?" असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं होतं. मी तिथंच होते. हसले होते.

त्या दिवशी मी धपाटे घेऊन गेले, तर विष्णुपंत येरझारा घालत होते. चार वाजता लॅपटॉपवरून तिच्या विमान कंपनीची चौकशी व्हायची होती.

"वनमालाबाई, तुम्हीच सांगा हिला. मेसेज वाचला कॅप्टननं, बटण दाबलं कॅप्टननं. आणि ही म्हणते, माझीपण चूक! अहो, लायसन जाईल हिचं. सातवीपासून दुसरं काही मागितलं नाही पोरीनं."

"आधी झालं काय ते तरी सांगा," मी म्हणाले. "मला कळेल असं."

देवश्री उठली. तिनं दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. बारा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या अंगात हालचाल आली असावी.

"मावशी, तुम्ही कॅप्टन रणधीर. बसा. मी शेजारी, विमान माझ्या हातात. खाली अरबी समुद्र. आपण चौतीस हजार फुटांवर आहोत आणि आपल्याला छत्तीस हजारावर जायचंय, वर इंधन कमी लागतं म्हणून. तिथं रेडिओ नीट पोचत नाही, म्हणून आपण परवानगी लिहून मागितली. वीस मिनिटं झाली, उत्तर नाही. रणधीर सर दोनदा म्हणाले, 'छत्तीस देतात का नाही हे लोक?' आणि टिंग! मेसेज आला. वाचा."

तिनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. मेसेज मराठीत लिहिला होता. समुद्रावरच्या ठिकाणाचं नाव काढून आपल्याकडचं घातलं होतं. मी चष्मा चढवला आणि जुना आवाज लावला.

"छत्तीस हजार फुटांवर चढा!"

"चढते. मान्य म्हणून बटण दाबा."

मी टेबलावर ऐटीत बोट दाबलं. तिनं हवेतच उंचीची चावी फिरवली. आणि एकाएकी ती ओरडली, "खाली! खाली! खाली!"

माझ्या मांडीवरचा धपाट्यांचा डबा जमिनीवर गेला.

"मशीन असं ओरडलं, मावशी. समोरून एक विमान पस्तीस हजारावरनं येत होतं. मी नाक खाली दाबलं. ते डोक्यावरनं गेलं. त्याचं पोट दिसलं मला."

"अगं पण परवानगी होती ना?"

"चिठ्ठी परत वाचा."

मी वाचली. *येरमाळा ओलांडल्यावर छत्तीस हजार फुटांवर चढा.*

"येरमाळा पुढं राहिलं. आपण अजून कळंबातच आहोत, मावशी."

अक्षर टपोरं होतं, चष्मा नवा होता. तरी पहिले दोन शब्द मला दिसलेच नव्हते. मला छत्तीस हवं होतं, मी छत्तीस उचललं. रंगमंचावर शब्द गाळला तर टाळी जाते. इथं...

"किती माणसं होती गं?"

"आमच्यात एकशे सत्तर. त्यांच्यातली माहीत नाहीत."

"बघा, वाचणाऱ्यानंच गाळलं!" विष्णुपंत म्हणाले. "त्यात ऐकणाऱ्याची काय चूक? आणि तुझे सर स्वतःच कबूल करतायत ना?"

"तेच तर, बाबा. ते म्हणतायत, 'चूक फक्त माझी.' मग त्यांना घरी बसवतील आणि उद्या दुसऱ्या दोघांचं हेच होईल. तो मेसेज माझ्याही पुढ्यात होता. नियम आहे, दोघांनी आपापला मनात वाचायचा, मगच तोंड उघडायचं. सरांनी आधीच मोठ्यानं वाचला. तीस वर्षं उडवतायत ते. त्यांनी वाचल्यावर मी पुन्हा वाचायचा, म्हणजे..."

विष्णुपंतांच्या येरझारा थांबल्या. त्यांचा हात उगाचच सदऱ्याच्या खिशाकडं गेला. मीही खाली वाकून धपाटे गोळा करू लागले. वही न देणारी मीच होते की.

चार वाजले. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून विष्णुपंतांनी स्वतः खिडकी लावली आणि ते भिंतीशी बसले. पडद्यावर तीन चेहरे आले. इंग्रजीत बोलत होते, पण माझ्यापुरतं मला कळत होतं. बराच वेळ वेळा, आकडे, उंची असं चाललं. मग मधल्या गृहस्थांनी विचारलं, "मेसेज तुम्ही स्वतः वाचला होता का?"

किती वर्षं मी विंगेतून मुलांना शब्द पुरवले. या वेळी मी धपाट्यांचा डबा धरून बसले. देवश्रीनं पाय खाली घेतले, पाठ ताठ केली. आमच्याकडं तिनं पाहिलंच नाही.

"नाही, सर. माझ्या स्क्रीनवर तो होता. मी वाचला नाही, नुसता ऐकला."