आईची सही

बंगलोरला बसवनगुडीत आमच्या घराला बाहेरून एक जिना होता आणि वर एक सुटी खोली. १९६६ साली ती आम्ही इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या एका नायजेरियन मुलाला भाड्याने दिली. शेजारीपाजारी थोडी कुजबुज झाली, पण आईने तिकडे लक्ष दिलं नाही. ती धारवाडकडची, कानडी तिला मराठीइतकंच येई. तिने त्यालाही कानडी शिकवायला घेतलं. महिन्याभरात तो तिला अम्मा म्हणायला लागला आणि मला अक्का, कारण मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी होते. बाबांना मात्र तो सरच म्हणे. बाबा एका सरकारी कारखान्यात फोरमन होते आणि मी तिथल्याच कचेरीत टायपिस्ट.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्याच्या आईचं पत्र आलं. त्याचा थोरला भाऊ त्यांच्या देशाच्या उत्तर भागात रेल्वेत नोकरीला होता. तिथे त्यांच्यासारख्या पूर्वेकडच्या लोकांना शोधून शोधून मारलं जात होतं, त्यात तो गेला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'तू येऊ नकोस. शीक.' पुढच्या वर्षी पूर्वेचा प्रांत फुटून निघाला, त्याने बियाफ्रा असं नाव घेतलं आणि लढाई जुंपली. त्याच्या आईची आणखी एक-दोन पत्रं आली. मग टपाल बंद झालं.

त्यानंतर पोस्टमनची वेळ झाली की तो कॉलेजला जायचं लांबवून जिन्यावर उभा राही. पोस्टमन लांबूनच मान हलवी. पुढे पुढे तर तो आमच्या गल्लीत मान खाली घालून सायकल हाकायला लागला.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत फोटो येऊ लागले. फुगलेली पोटं, काटकुळे पाय, विटकरी झालेले केस. वेढा पडला होता आणि आत अन्न जात नव्हतं. आई सकाळी पेपर लपवून ठेवायची, पण तो कॉलेजच्या वाचनालयात बघून यायचाच. त्याचं जेवण सुटलं. आई ताट घेऊन वर जायची आणि बऱ्याच वेळा तसंच खाली आणायची.

"स्वल्प तरी खा," ती म्हणायची.

"सरी अम्मा," असं म्हणून तो होकार द्यायचा आणि घास चिवडत बसायचा.

एका रविवारी तो हाताने लिहिलेला कागद घेऊन खाली आला. शहरातल्या त्याच्या चार-पाच देशबांधवांनी मिळून तो मजकूर केला होता. बाजारांवर आणि दवाखान्यांवर बॉम्ब टाकणं थांबवावं, अन्नाला आणि औषधांना वाट द्यावी, अशी विनंती होती. तो अर्ज न्यूयॉर्कला, सगळ्या देशांच्या संघटनेकडे जायचा होता. सोबत जिनीव्हाच्या एका मदतसंस्थेला दुसरं पत्र होतं. आई आणि धाकटी बहीण कुठे आहेत त्याचा शोध घ्या, असं त्यात होतं.

"आमच्याच सह्या असल्या तर कोण वाचणार, सर? इथल्या लोकांच्या हव्यात."

बाबांनी कागद दोनदा वाचला. "मी सरकारी नोकर आहे," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? हा तुमच्या देशाचा घरचा प्रश्न आहे असं आमचं सरकार म्हणतं, मलाही ते पटतं. उद्या आमचा एखादा प्रांत फुटला आणि बाहेरच्यांनी त्यात बोट घातलं तर मला चालेल का?"

"माझी आई म्हणजे प्रांत नाही, सर."

बाबांनी कागद घडी करून त्याला परत दिला. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "तूही सही करायची नाहीस. नोकरी जाईल."

मी केली नाही. आई मात्र स्वयंपाकघरातून हात पुसत आली. कागदात काय आहे ते तिने मला समजावून सांगायला लावलं, पेन मागितलं आणि देवनागरीत ठसठशीत सही केली. "मला कुठे नोकरी आहे?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला घेऊन गल्लीतल्या बायकांकडे जायला लागली. काहींनी दार लोटलं, काहींनी सही केली.

सह्यांच्या कागदाला जोडायला स्वच्छ प्रत हवी होती, ते टायपिंगचं काम मी घेतलं. जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्याच मशीनवर दोन्ही पत्रं टाइप केली आणि घाईत कार्बन कागद ड्रॉवरमध्ये विसरले. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर आठवलं. रात्रभर डोळा लागला नाही. बाबांना सांगायचा धीर झाला नाही.

सकाळी सुपरिंटेंडंटनी बोलावलं. कार्बन त्यांच्या हातात होता. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"हे आपल्या खात्याचं काम आहे?"

"नाही सर."

"मशीन सरकारचं आहे हे माहीत आहे?"

"हो सर."

त्यांनी कार्बनवरचा मजकूर पुन्हा एकदा वाचला. "तो मुलगा तुमच्याकडे राहतो?"

मी हो म्हटलं. त्यांनी कार्बनचे बारीक तुकडे करून टोपलीत टाकले आणि टपालाची फाइल ओढून घेतली. "जा," एवढंच म्हणाले. पण पुढचे कितीतरी महिने घरी लांबट पाकीट आलं की ते कचेरीचं तर नाही ना, हे मी आधी उलटून बघायचे.

टपाल रजिस्टर करायचं ठरलं तेव्हा पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा प्रश्न आला. त्याला स्वतःचं नाव घालायची भीती वाटत होती, त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती आणि ती त्याच्याच सरकारच्या वकिलातीकडून वाढवून घ्यायची होती. बाबांनी काही न बोलता पाकिटं घेतली आणि दोन्हींवर स्वतःचं नाव-पत्ता घातला.

"सहीपेक्षा हे जास्त नाही का?" मी विचारलं.

"असेल," म्हणाले आणि चपला घालून पोस्टात गेले.

न्यूयॉर्कहून दोन ओळींची छापील पोच आली. जिनीव्हाहून शोध चालू असल्याचं पत्र आलं, मग काहीच नाही. मदतीची विमानं अंधारात उतरतात असं तो रेडिओवर ऐकून सांगायचा. एकोणसत्तरच्या जूनमध्ये त्यातलं एक पाडलं गेलं. त्या दिवशी तो कॉलेजला गेला नाही. आई दुपारभर वर त्याच्या खोलीत बसून होती.

थंडीच्या सुरुवातीला जिनीव्हाचं पाकीट आलं. ते बाबांच्या नावावर होतं, म्हणून त्यांनीच फोडलं आणि आतला कागद न वाचता त्याच्याकडे दिला. त्याच्या आईचा निरोप होता, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, मोजक्या शब्दांत. ती एका मिशनच्या छावणीत जिवंत होती. बहीण उन्हाळ्यातच गेली होती.

तो पायरीवर बसला. बाबा त्याच्या शेजारी बसले. त्यांना मी याआधी कधी पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"उत्तर लिहायला हवं," तो म्हणाला. "काय लिहू, अक्का?"

मी कागद-पेन आणलं. आई म्हणाली, "जेवतोस म्हणून लिही. आईला तेच हवं असतं."

त्याने तसंच लिहिलं. महिन्या-दोन महिन्यांत लढाई संपली. परीक्षा देऊन तो मायदेशी गेला, आणि वर्षभराने त्याचं एकच पत्र आलं. आई भेटली होती, कृश झाली होती, पण चालत होती.